जोत्यावरची ओल

शिवकांतानं भिंतीवर पेन्सिलीनं नववी रेघ ओढली. ती कालच्या रेघेपेक्षा बोटभर वर होती.

"चढलीच," ती म्हणाली.

तिचे यजमान गुरुबसप्पा शाळेत शिकवायला निघाले होते. त्यांनी भिंतीकडं न बघताच टोपी नीट केली. "अजून एक हात चुना मार."

"दोन हात झाले. चुन्यात मोरचूद घालून झाला, कडुनिंबाचा धूर झाला. काल खरवडली ती बुरशी आज परत आलीय. पाऊस जाऊन दोन महिने झाले, मग पाणी येतंय कुठून?"

ते उंबऱ्याबाहेर पडले. पाळण्यात आठ महिन्यांचा संगू खोकला. तो खोकला आता तिच्या ओळखीचा झाला होता. आधी बारीक शिट्टी, मग ढास. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, याला ओलीतून काढा, छाती भरत चाललीय. काढणार कुठं? देगलूरच्या त्या घराला दोनच खोल्या, आणि दुसरीत दिवसभर चुलीचा धूर.

पहिली लेक बाविसाव्या दिवशी गेली होती. तेव्हा शिवकांता बाळंतपणाच्या तापात बडबडत होती. श्रावण होता, लेंडी नदीच्या पुराला आठ दिवस उतार नव्हता. तिची आई लातूरहून निघाली ती नदीकाठीच अडकून पडली. शिवकांता शुद्धीवर आली तेव्हा पाळणा माळ्यावर गेला होता. लेकीला लेंडीपलीकडच्या शेतात मातीत ठेवलं, एवढंच तिला सांगितलं. कुठं ते कुणी दाखवलं नाही.

"आईनं जागा बघू नये," सासूबाई म्हणाल्या होत्या. "पुढचं टिकत न्हाई."

लेकीच्या पायातले चांदीचे वाळेही परत दिसले नाहीत. लातूरच्या सोनाराकडून आईनं घडवून घेतलेले, कमळ कोरलेले. सासूबाईंनी ते देवणीच्या नणंदेला दिले असणार, असं शिवकांतानं मनाशी धरलं होतं. विचारलं मात्र नाही.

दुपारी हणमंत गवंडी आला. त्यानं भिंतीवर थाप मारली, जोत्यापाशी वाकून माती बोटात चोळली.

"अक्का, कौलं बरी हायत. ही ओल वरून न्हाई, खालून चढून राहिली. भिंतीमागं कुणी पाणी घालतंय का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मागच्या झरोक्यातून पाहिलं. सासूबाई दानम्मा भिंतीला लागून असलेल्या डाळिंबाच्या रोपाला पाणी घालत होत्या. आधी दोन कळशा, मग एक तांब्या. तांब्यातलं पाणी पांढुरकं होतं. तांदळाचं धुवण असावं.

"आत्याबाई, त्या डाळिंबाला इतकं पाणी कशाला? सगळी ओल भिंतीत येतीय."

दानम्मांनी पदर डोक्यावर ओढला. "झाड हाय. तहान लागती."

"एवढ्या थंडीत?"

"लहान हाय अजून. लहानाला तहान लई."

"आणि संगू? तो लहान नाही?"

सासूबाईंनी रिकामी कळशी उचलली. मग म्हणाल्या, "हैद्राबादच्या कालिजात झाडाचं पाणी तोडायला शिकवत्यात का गं? मागं जाऊ नको. इचू हायत."

चौथ्या दिवशी देवणीहून निरोप आला. नणंदेचे दिवस भरले होते. दानम्मा गाडीत बसल्या, परत उतरल्या, लेकाला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. शिवकांताला फक्त त्यांचं मान हलवणं दिसलं.

त्या सकाळपासून कळशा भरून गुरुबसप्पाच मागं जाऊ लागले.

"तुम्हीसुद्धा?" शिवकांताचा आवाज चढला. "इथं लेकरू गुदमरून राहिलंय आणि तुम्हाला झाडाची काळजी? तिथं चर खणायचा, दगड-चुना भरायचा. हणमंत म्हणतो, आठ दिवसांत भिंत वाळेल."

"आई येऊ दे."

"आणि तोवर याला काही झालं तर?"

त्यांचा हात कळशीवरच राहिला. "खणायचं नाही. ऐक माझं, कांता."

"का पण?"

"आईनं लावलंय ते." एवढं बोलून ते शाळेत गेले.

त्या दुपारी संगूचे ओठ निळसर दिसले. दोन घटका तिनं त्याला उभं धरून पाठ चोळली. ओठांवर रंग परत आला तशी ती उठली आणि शेजारच्या कमलम्माकरवी हणमंताला बोलावणं धाडलं.

डाळिंब तिनं स्वतः उपटलं. एका हातानं संगूला कडेवर घट्ट धरून, दुसऱ्या हातानं. मुळं खोल गेली होती. तीन हिसके द्यावे लागले. रोप उन्हात फेकल्यावर तिला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं.

"खोल घे," ती हणमंताला म्हणाली. "ओलीचा मागमूस राहायला नको."

कुदळ पडत राहिली. माती काळी, चिकट, लोण्यासारखी मऊ होती. संगू तिच्या खांद्यावर झोपला. आज ढास कमी होती. आता बरा होईल, तिला वाटलं. आत्याबाई आल्या की बोलतील, बोलू देत.

कुदळ थांबली.

हणमंत गुडघ्यांवर बसला. हातानं माती सारली. मग डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं खड्ड्यात हळूच पसरलं.

"काय झालं? विंचू आहे?"

"अक्का, लेकराला घेऊन आत जा."

"अरे, पण काय आहे?"

तो वर बघेना. ती पुढं झाली, तशी त्यानं मूठ उघडली. तळहातावर चांदीचा एक वाळा होता. काळा पडलेला, पण कमळाच्या पाकळ्या अजून मोजता येत होत्या.