लोकांचा चेंडू

शिकागोत नुकत्याच आलेल्या वैजयंतीला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. केवळ रेवा आणि ओजस या मुलांच्या हट्टापायी ती दोघांना सामन्याला घेऊन आली होती.

जोरदार टोला बसला आणि चेंडू थेट त्यांच्या रांगेत आला. वैजयंतीने उडी मारून झेलला. टाळ्यांचा कडकडाट झाला. कॉलेजातल्या क्रिकेटच्या सवयीने तिने तो लगेच मैदानात परत फेकला.

“आई, असा चेंडू आपल्याला ठेवायचा असतो गं!” रेवा रडवेली झाली.

“अगं, लोकांचा चेंडू घरी कसा न्यायचा?”

खाली उभा खेळाडू हसत सुटला. त्याने तोच चेंडू पुन्हा तिच्याकडे भिरकावला. तिने याही वेळी तो झेलला. मुलं चेंडूसाठी झोंबू लागली.

“भांडू नका रे,” लालबुंद तळहात चोळत वैजयंती म्हणाली, “खेळ संपायचाय अजून. दुसरा पकडते!”