ब्रशची राखी

कारखान्यात शिडीवरून पडल्यापासून यादवला खांद्यांखाली काहीच जाणवत नव्हतं. तो दातांत ब्रश धरून चित्रं काढायचा. अक्का दर राखीपौर्णिमेला मनमाडहून सातपूरला यायची आणि “तुझा हात आता हाच” म्हणत त्याच्या तोंडातल्या ब्रशलाच राखी बांधायची. गाठ ओढून विचारायची, “घट्ट बसली का रे?” ती ओढ दातांना कळायची, मग तो मान हलवायचा. यंदा अक्काचा पाय प्लास्टरमध्ये होता. राखी टपालाने आली. शेजारच्या तानुमावशींनी पाकीट फोडून हौसेने ती त्याच्या मनगटावर बांधली. “आता कसा हात भरल्यासारखा दिसतोय,” त्या म्हणाल्या. यादवला त्यांचं मन मोडवेना. संध्याकाळी अक्काचा फोन आला. मावशींनी मोबाईल त्याच्या कानाशी धरला. “घट्ट बसली का रे?” यादवने रिकामेच दात आवळले, सवयीने मान हलवली. पलीकडे अक्का “हॅलो, हॅलो” करत राहिली.