नमेलेचं पान

गुहेच्या तोंडाशी नमेले नावाच्या झाडाचं हिरवंगार पान उभं रोवलेलं होतं.

सांटो बेटावर या पानापुढं कुणी पाऊल टाकत नाही. ज्यानं रोवलं त्यानं हो म्हटल्याशिवाय वाट बंद. माणसं सोडा, रानडुकरंसुद्धा पान दिसलं की वळसा घेतात. मागच्या चक्रीवादळानं गावातली एकूण एक छपरं नेली, पण चर्चमागच्या बागेत असं पान होतं तिथं ते थबकलं, आणि चुकून कुणाच्या घरात शिरल्यासारखं ओशाळून समुद्राकडं निघून गेलं. हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. संध्याकाळचा नशेचा कावा प्यायच्या आधी गाठली तर त्यांतली दोघं-तिघं शपथही घेतात.

"वाट बंद," मोलीसा म्हणाला. "परत फिरायचं."

एकतीस वर्षं तो पाहुण्यांना या गुहेतून नेत होता. आजही आत पाणी किती चढलंय ते बघायला तो सवयीप्रमाणं पुढं निघून आला होता. सामान घेतलेली त्याची मुलगी मेरेलिन दोघा ऑस्ट्रेलियन पाहुण्यांना घेऊन मागून पोचली, तेव्हा तो पानाशेजारी हाताची घडी घालून उभा होता.

"परत?" ग्रेग नावाच्या धिप्पाड पाहुण्यानं कपाळाला हात लावला. "अहो, तीन तास चिखल तुडवतोय. माझ्या बुटांत अर्धं जंगल शिरलंय."

"पान आहे," मोलीसा म्हणाला.

"पण लावलं कुणी?"

"ते विचारायचं नसतं."

"चल रे, त्यांची रीत आहे ती," ग्रेगची बायको पॅट म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा सोडू लागली.

मेरेलिन पानाशी वाकली. देठाच्या कापातून अजून चीक गळत होता. तिनं मान वर केली. बापाच्या कोयत्याच्या पात्यावर तसाच चीक चमकत होता. मग तिची नजर त्याच्या उजव्या गुडघ्यावर गेली. तो सोललेल्या नारळाएवढा झाला होता. सकाळी ओढ्यात बाबा दोनदा थांबला होता, दोन्ही वेळा पाहुण्यांना पक्षी दाखवायला. पक्षी कुठं नव्हते.

आत बांबूच्या सहा शिड्या होत्या. त्यानंतर छातीभर पाणी, आणि शेवटी दोराला लोंबकळत उतरायचा कडा.

ती त्याच्या कानाशी गेली. "बाबा, मी नेते यांना."

"मग मी काय करू?"

"गुडघा दुखतोय म्हणून सांगा."

"सांगतो की. उद्या मुखिया हा वाटाड्याचा दोर तुझ्या काकाच्या गळ्यात घालेल. बाईला कोण देतंय?"

"तुम्हीही नाही दिलात. सहा वर्षं नुसती ओझी वाहतेय मी."

मोलीसानं खांद्यावरचा दोर उगाच नीट केला. "पान आहे," तो मोठ्यानं म्हणाला, पाहुण्यांना ऐकू जाईल असं.

"आहे ना," मेरेलिनही मोठ्यानं म्हणाली. "मग ज्यानं लावलं त्यालाच विचारून येते."

"तो इथं नाही!"

"लांब गेला नसेल. चीक ओला आहे अजून."

ती वडाच्या पारंब्यांमागं गेली. ग्रेगनं पॅटकडं पाहिलं, पॅटनं मोलीसाकडं, मोलीसानं वडाकडं. आतून मेरेलिनचा आवाज येत होता. "हो... हो... नाही, दोघंच आहेत... नवराबायको... हो, बूट फार घाण आहेत, बघितलं मी." मग आवाज अगदी खाली आला. पॅटनं नवऱ्याचा दंड धरला.

मेरेलिन बाहेर आली ती मान खाली घालून, चर्चमधून येतात तशी.

"काय म्हणाला?" पॅटनं कुजबुजत विचारलं.

"म्हणाला, पाहुण्यांना जाऊ दे. पानाच्या डाव्या अंगानं जा. पुढं मेरेलिन चालेल, आजपासून तीच चालेल." तिनं श्वास घेतला. "पण आम्ही नदीकडून वळून परत येईस्तोवर इथं तोंडाशी राखणीला माणूस पाहिजे. साधासुधा नको म्हणाला. गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे असाच बसव."

सगळ्यांनी मोलीसाकडं पाहिलं.

त्याला बोलता आलं असतं. पान मी लावलं, एवढंच म्हणायचं होतं. गुहेतून पाकोळ्यांचा थवा बाहेर पडला, डोक्यावरून फिरून पुन्हा आत गेला, तरी तो उभाच होता.

"आवाज कसा होता त्याचा?" त्यानं शेवटी विचारलं.

"चिडका. गुडघा दुखत असला की माणसाचा होतो तसा."

मोलीसानं खांद्यावरून दोर काढला. मुलीच्या गळ्यात घातला, एकदा ओढून बघितला, आणि दगडाचा आधार घेत खाली बसू लागला. बसायला त्याला बराच वेळ लागला. मेरेलिननं मदतीला हात पुढं केला नाही.

"तुमच्या ओळखीचा आहे वाटतं तो?" ग्रेगनं पानाच्या डाव्या अंगानं जपून पाय टाकत विचारलं.

"चांगला ओळखतो," पाय लांब करत मोलीसा म्हणाला. "महाहट्टी. आज पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोललाय."