खळगा

आफ्रिकेतल्या त्या पठारावरचे ज्वालामुखी हजारो वर्षं शांत होते. पण खोलवरच्या तप्त खडकांतून जीवघेणा, वास नसलेला वायू अजून झिरपायचा आणि वारा पडला की खळग्यांत साचायचा. भूगर्भशास्त्रज्ञ केतकी त्याचाच अभ्यास करत होती. धाकटा भाऊ शार्दूल आणि भावजय मंजिरी तिला भेटायला आले होते.

खळग्यात निपचित पडलेलं कोकरू पाहून शार्दूल खाली उतरला. केतकीनं हाक मारेपर्यंत तो कोसळलासुद्धा.

मंजिरी धावली. केतकीनं तिला कमरेला धरून मागे ओढलं.

"सोडा मला, ताई! तुमचा सख्खा भाऊ आहे तो!"

"उतरलीस तर तूही जाशील गं!"

मंजिरीनं तिला ओरबाडलं. केतकीनं मिठी सोडली नाही.

खाली शार्दूलचा हात किंचित हलला. केतकीनं तो पाहिला आणि मंजिरीचा चेहरा आपल्या कुशीत घट्ट दाबून धरला.