पेटीची कड

“लाज कशी वाटत नाही गं, या वयात?”

सूनबाई गुडघ्यांवर बसून बोळातली फरशी पुसत होती आणि पुसता पुसता म्हाताऱ्या मांजरीला सुनावत होती. “पेटी हाताच्या अंतरावर, वाळू कालच बदललेली. तरी राणीसरकारांना फरशीच हवी!” मांजर खुर्चीखाली बसून ऐकून घेत होती. खुर्चीत सासरे होते. त्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

बोळाच्या टोकाला बाथरूम आणि त्याच्या दाराशेजारी मांजरीची पेटी. दोन्ही नवऱ्याच्या हातची. तो फरश्या बसवायचा. काहीही हद्दीबाहेर सांडलेलं त्याला खपत नसे. बाथरूमला त्याने संगमरवरी उंबरठा घातला होता, चांगला वीतभर उंच. पाण्याच्या थेंबाची बाहेर यायची बिशाद नव्हती. पेटीलाही तशीच उंच लाकडी कड. आल्यागेल्याला तो दोन्ही कौतुकाने दाखवायचा. पाहुण्यांना आधी बाथरूम दाखवणारा यजमान जगात दुसरा नसेल.

आता मात्र तो कुणाला काही दाखवत नव्हता. घरात वास भरून राहिला होता. सूनबाई घरी शिवणकाम करायची. माप द्यायला आलेल्या बायका आधी नाक वर करायच्या आणि मग हात. एकीने तर दिलेलं कापड परत नेलं. “तशी घाई नाहीये हो,” म्हणाली. सूनबाईने व्हिनेगर ओतलं, लिंबाची सालं ठेवली, फरशी घासून घासून स्वतःचे हात सोलून काढले. शेवटी मशीनवर डोकं टेकून रडली. “एक तर ही राहील या घरात, नाहीतर मी.”

“उद्या डॉक्टरकडे नेतो,” नवरा म्हणाला. “एक इंजेक्शन. झोपेतच जाईल, तिला कळणारही नाही.”

मांजर सासूबाईंची. त्या गेल्यापासून ती सासऱ्यांच्या पायांवर झोपायची. सासऱ्यांनी जन्मभर बस चालवली. शेवटचा थांबा येईपर्यंत सीट सोडायची नाही, असा माणूस. ते एवढंच म्हणाले, “मीही येतो.”

डॉक्टरीण बाईंनी इंजेक्शनचं काही ऐकूनच घेतलं नाही. मांजरीची कंबर दाबून पाहिली. मांजर फिस्कारली.

“कुठे करते?”

“पेटीच्या अगदी जवळ,” नवरा म्हणाला. “मुद्दामच!”

“मुद्दाम कसली? सांधे आखडलेत तिचे. कड केवढी आहे पेटीची?”

नवऱ्याने हाताने दाखवली. दाखवताना नाही म्हटलं तरी थोडा अभिमान होताच.

“अहो, वेळेवर येते बिचारी. पाय उचलत नाही तिचा. कड कापा आणि आठ दिवस बघा.”

“आणि नाहीच सुधारली तर?”

“मग बोलू.”

सासरे आपल्या चपलांकडे बघत राहिले.

घरी येताच नवऱ्याने करवत काढली. स्वतःच्या हातची कड स्वतःच कापली, तोंड वाकडं करून. मांजर आली, हुंगली आणि पाय न उचलताच आत गेली. सूनबाईने टाळ्याच वाजवल्या. मांजर पेटीत बसल्याबद्दल टाळ्या वाजवायची वेळ आली, असं म्हणून ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी पुन्हा ओली.

सूनबाई फडकं घेऊन उभीच राहिली. पेटीतल्या वाळूत ताजा, ओला गोळा होता, नीट झाकलेला. आणि ओल पेटीपाशी नव्हती. बाथरूमच्या उंबरठ्याला लागून होती, अलीकडे. बाहेर दोरीवर सासऱ्यांचा पायजमा वाळत होता. तो धुवायला कुणी टाकला नव्हता. असा पायजमा तिने आज पहिल्यांदा पाहिला होता असं नाही. पण मांजरीला चार शब्द सुनावता येत होते. म्हणून मांजर बरी होती.

ती गुडघ्यांवर बसली. “काय गं हे,” ती म्हणाली. पण आज अगदी हळू.

नवरा आला. त्याने ओल पाहिली, पेटी पाहिली. दोरीकडेही पाहिलं. मग तो घाईघाईने माळ्यावरून मांजरीची टोपली काढायला गेला.

“अहो, आठ दिवस म्हणाल्यात ना त्या,” सूनबाई म्हणाली.

“आठ दिवसांनी काय वेगळं होणार आहे?”

“पण ती...”

“पण काय? बोल ना!”

सूनबाईने खुर्चीकडे पाहिलं. वर्तमानपत्र वरच होतं. नवऱ्याने मांजरीला उचललं. तिने अंग चोरलं, ओरडली नाही. टोपलीचं झाकण लागलं. आतून एक म्हातारा पंजा फटीत आला आणि तिथेच राहिला.

वर्तमानपत्र खाली आलं. सासरे उठले. भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत बोळाच्या टोकाला गेले आणि उंबरठ्यापाशी थांबले. संगमरवर चकचकत होता. एका हाताने त्यांनी चौकट धरली, दुसऱ्याने पायजमा धरून पाय वर ओढून पाहिला. पाय उंबरठ्याच्या निम्म्यापर्यंत आला आणि थरथरत खाली गेला.

“बाबा, सरका जरा,” नवरा म्हणाला. टोपली त्याच्या हातात होती. “ओलं आहे तिथे. मांजरीने...”

“तिला खाली ठेव,” सासरे म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. “आणि हा उंबरठाही काप. मीही वेळेवरच येतो रे. पाय उचलत नाही.”