चौथं नाव

निवेदकानं सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. जे खेळाडू आता हयात नाहीत, त्यांच्यासाठी एक मिनिट. पाच हजार माणसं खुर्च्या खडखडवत उठली, डोक्यावरच्या टोप्या उतरल्या आणि बर्फावरचे दिवे मंद झाले.

आर्वो लेहटोनेनही उठला, लेकीच्या खांद्यावर भार टाकून. चौऱ्याहत्तरी उलटली होती आणि गुडघे तर त्याच्याही आधी म्हातारे झाले होते. आइस हॉकीच्या संघाला पन्नास वर्षं झाली म्हणून आज सामन्याआधी हा सोहळा होता. पहिल्या तीन मोसमांत आर्वो या संघाकडून एकतीस सामने खेळला होता. दोन गोल. त्याला आमंत्रण आलं नव्हतं. आइलानं, त्याच्या लेकीनं, दोनदा पत्र लिहून पाहिलं, उत्तर नाही. शेवटी तिनंच तिकिटं काढली, पार वरच्या रांगेतली. सकाळी आर्वो केस कापून आला.

मोठ्या पडद्यावर एकेक फोटो येऊ लागला. पहिले तिघं त्याच्या ओळखीचे होते. प्रत्येकाला त्यानं ओठातल्या ओठात टोपणनावानं हाक मारली.

चौथा फोटो आला. जाड कल्ले, रुंद जबडा, आणि हसताना दिसणारे सगळे दात.

"आर्वो लेटनन," निवेदक म्हणाला. उच्चारही धड नव्हता.

आइलानं त्याची बाही ओढली. "बाबा! अहो, हे काय चाललंय?"

"उभी राहा नीट."

"पण तुम्ही..."

"लोक उभे आहेत ना? मग उभी राहा."

खाली बर्फावर जुने खेळाडू ओळीनं उभे होते. त्यांतले सात जण त्याच्याबरोबर खेळलेले. आर्वो त्यांच्याकडे बघत राहिला. कुणीतरी चमकून शेजाऱ्याला कोपरानं ढोसेल, कुणीतरी मान वर करेल, म्हणून त्यानं पुढचे दोन फोटोही पाहिले नाहीत. सातही माना खाली होत्या. खालीच राहिल्या.

मिनिट संपलं, लोक बसले. शेजारच्या खुर्चीवरच्या म्हातारीनं नवऱ्याला विचारलं, "तो चौथा कोण हो? दिसायला बरा होता."

"लेहटोनेन? अगं, तोंडावर पकची ती टणक चकती झेलली होती बघ त्यानं. आपल्या लग्नाच्या वर्षी. गोल होणारच होता, हा पठ्ठ्या आडवा पडला. चार दात बर्फावर. रक्त पुसलं आणि पुन्हा खेळायला उतरला."

"अय्या! चांगला खेळायचा म्हणजे."

"छे, सुमारच. पण घाबरायचा नाही."

आर्वोनं हे सगळं मान न वळवता ऐकलं. आइला त्या माणसाकडे वळली, तोंड उघडणार एवढ्यात बापाचा हात तिच्या मनगटावर पडला. पकड घट्ट होती.

खेळाच्या तीन भागांपैकी पहिला संपला तशी ती उठली आणि तरातरा खाली गेली. शेजारचं जोडपं कॉफी आणायला गेलं होतं. आइला परत आली ती एका तरुण मुलीला घेऊनच. गळ्यात संघाचं ओळखपत्र, चेहरा पांढराफटक.

"मिस्टर लेहटोनेन, काय बोलू मी? आमच्याकडे एक कात्रण होतं हो, जानेवारीतलं. आडनाव तेच, संघाचं नावही त्यात होतं. कुणी नीट वाचलंच नाही."

"बघू."

तिनं फोन पुढे केला. आर्वोनं चष्मा लावला. हेल्वी लेहटोनेन, माजी हॉकीपटू आर्वो यांच्या पत्नी, दीर्घ आजारानं निधन. शेजारी हेल्वीचा फोटो, अंगणातल्या खुर्चीवरचा, उन्हानं डोळे बारीक केलेला. तो आर्वोनंच काढला होता. बातमीचा मजकूरही त्याचाच. संघाचं नाव घालावं की नको, यावर तो एक अख्खी संध्याकाळ अडला होता.

"पुढच्या मध्यंतरात आपण दुरुस्त करू," मुलगी घाईघाईनं म्हणाली. "तुम्हाला पडद्यावर दाखवू. तुम्ही फक्त हात हलवा. लोक डोक्यावर घेतील तुम्हाला, बघाच."

"हो म्हणा ना, बाबा," आइला म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "इतकी वर्षं वाट बघितलीत."

आर्वोनं फोनवरचा फोटो बोटानं थोडा मोठा केला. बराच वेळ पाहिला. मग फोन परत दिला.

"नको, पोरी. लोक एकदा उभे राहिले. आता बसू देत त्यांना."

मुलगी क्षणभर घुटमळली आणि पायऱ्या उतरून गेली. खाली बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र फिरत होतं. स्केट्सचे सगळे ओरखडे त्याच्यामागे पुसले जात होते.

शेजारचा माणूस दोन पेले सांभाळत परत आला. बायको अजून खाण्याच्या रांगेतच होती. आइलाचा चेहरा पाहून तो चपापला. बसता बसता हळूच म्हणाला, "माफ करा हं, मघाशी मी काहीबाही बोलत होतो. त्या नावांत तुमच्यातलं कुणी होतं का?"

"चौथा," आर्वो म्हणाला.

"लेहटोनेन? ओळखत होतात तुम्ही त्याला?"

"थोडंफार." आर्वोनं चष्मा काढून खिशात ठेवला. "त्याच्या बायकोला चांगलं ओळखायचो."