एक्झोराची बांधी

सुशिलाबाईंनी फावडा मागितला आणि भूमिकाने तो दिला. एवढीच तिची चूक.

कंपाउंडच्या भिंतीलगत एक्झोराची झाडं रांगेनं लावलेली होती. गुडघ्याएवढी, गच्च पानांची, लाल गुच्छ येणारी. गोंदियाजवळच्या फुलचूरचं नवं घर बांधून झाल्यावर भूमिकाने नर्सरीत जाऊन ती स्वतः निवडली होती. ऊन सोसतात, कापली की दाट होतात, म्हणून. सुशिलाबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, त्या रांगेभोवती, धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला घालतात तसा, मातीचा बांध घातला आणि पाइप सोडला. पाणी काठोकाठ आल्यावरच नळ बंद केला.

"आई, यांच्या मुळाशी पाणी थांबू द्यायचं नाही म्हणे," भूमिका म्हणाली.

"मले शिकवून राहिली का? धानाचा रोवना करन्यात जलम गेला."

भूमिका आत वळली. सासूबाई थोड्या दिवसांच्या पाहुण्या. इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली त्यांची धानाची जमीन होती. सासरे गेल्यापासून त्या गावात एकट्याच राहत. शेत ठेक्यानं दिलेलं, तरी रोज तिथं चक्कर असायचीच. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडल्या आणि दुपारभर तशाच पडून राहिल्या. शेजारची शामकला विळा मागायला आली म्हणून कळलं. तेव्हापासून भूमिकाचा नवरा उमेंद्र, इथंच येऊन राहा म्हणून, आईच्या मागे लागला होता. गोंदियात त्याचं बिजलीच्या सामानाचं दुकान. रोज गावाला जाणं जमत नव्हतं. त्यानं आईसाठी वेगळी खोली काढली, खोलीत टीव्ही लावला, न्हाणीत धरायला दांडा बसवला. त्या यायच्या, सगळं पाहायच्या आणि विचारायच्या, "इथं मी करू काय?" मग त्या परत जायच्या.

या खेपेला दिवाळीनंतर तीनेक आठवड्यांसाठी आल्या होत्या. बांधीत पाणी भरणं रोज चालू राहिलं. झाडांची पानं पिवळी पडली. सासूबाईंनी पाणी वाढवलं. पानं गळली.

निघायच्या दिवशी उमेंद्र गाडी पुसत होता. सुशिलाबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि भिंतीपाशी थांबल्या. एक झाड धरून ओढलं, ते अलगद हातात आलं. मूळ काळं, लिबलिबीत झालेलं. त्यांनी त्याचा वास घेतला. मग पिशवी घरात नेऊन ठेवली.

"आज नाही जात मी."

"काऊन?" उमेंद्रनं विचारलं.

"मीनंच मारली ना. आता तशीच टाकून जाऊ?"

दुसऱ्या दिवशी त्या सुनेच्या स्कूटीवर मागे बसून नर्सरीत गेल्या. नर्सरीवाल्या इंद्रकुमारला त्यांनी इतके प्रश्न विचारले की मागचं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. घरी येऊन बांध फोडला. माती उचलून वाफा उंच केला, तिच्यात रेती आणि शेणखत मिसळलं, नवी रोपं लावली. मग अंगणात खुर्ची टाकून बसल्या, त्या बसल्याच. संध्याकाळी फिरायला निघालेल्या बाया फाटकाशी थांबायच्या. "वास नाही, भाजी होत नाही, बिनकामाचं झाड हाय," असं त्यांना सांगता सांगता सुशिलाबाई एकेक वाळकं पान खुडत असायच्या. नवी पालवी फुटली की भूमिकाला हाक जायची, आणि ती कणकेच्या हातानं बाहेर यायची. उमेंद्र दुकानात गेला की या घरात दुपारी फ्रिजचा आवाज ऐकू येत असे. आता येईनासा झाला. गावात कुणाचं कुणाशी वाजलं, शामकलाच्या म्हशीला काय झालं, सगळं भूमिकाला पाठ झालं. सासूबाई न्हाणीतला दांडा धरू लागल्या. धरतात हे मात्र त्या कबूल करत नव्हत्या.

होळीच्या सुमारास झाडांवर लाल गुच्छ आले. सुशिलाबाईंनी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन सगळे पाहिले. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. आत गेल्या आणि खाटेखालून पिशवी काढली.

"जगली आता," त्या उमेंद्रला म्हणाल्या. "उद्या सोडून दे मले."

उमेंद्रनं नेहमीसारखं थोडं समजावून पाहिलं. त्यांनी नेहमीसारखं ऐकून घेतलं आणि लुगड्यांच्या घड्या घालत राहिल्या.

भूमिकाने वरणाखालचा गॅस बंद केला आणि स्कूटीची चावी घेतली.

"इथलं सगळ्यात नाजूक झाड कोणतं?" तिनं नर्सरीत इंद्रकुमारला विचारलं.

त्यानं कोपऱ्यातल्या हायड्रेंजियाकडे बोट केलं. थंडीतली उरलेली दोन रोपं होती, निळ्या फुलांची. "लेकिन मॅडम, हे पहाडी झाड आहे. आपल्याकडचा उन्हाळा याला झेपत नाही. दिवसातून धा वेळा पाहावं लागते, तरी भरोसा नाही. मी तर सांगतो, घेऊच नका."

"दोन्ही द्या," भूमिका म्हणाली.